दोन मुनीम आणि एक पिवळा दिवा



मागच्या वेळी मेथीच्या सुकवणीवर लिहिलं होतं, आज एकदम कॉम्प्युटरवर लिहितेय म्हणून हसू नका. आपल्यातल्या बऱ्याच जणींची मुलं-सुना पुण्या-मुंबईत याच कामात आहेत. ती काय करतात हे विचारलं तर "मम्मी, तुला नाही कळणार" एवढंच उत्तर मिळतं. मलाही मिळायचं. या चातुर्मासात मात्र एका रात्रीतलं काम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत समजून घेतलं, आणि त्यातून माझ्याच घरातली एक चूक माझ्या पदरात पडली. ती सांगायला थोडी लाज वाटते. तरी सांगते, कारण ही चूक फक्त माझ्याच घरात होत असेल असं मला वाटत नाही.

आधी घरचं सांगते. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांना सकाळी थायरॉईडची गोळी आणि संध्याकाळी चौविहाराच्या आधी रक्तदाबाची. दोन्ही पांढऱ्या, गोल, बारीक. सात दिवसांचा खणांचा डबा आहे, तो मी दर रविवारी भरते आणि सूनबाई वेळेवर गोळ्या देते. पर्युषण आठवड्यावर आलं होतं. सोमवारी संध्याकाळी सासूबाईंना चक्कर आली आणि त्या पलंगाच्या कडेवर पडल्या. नशिबाने हाड मोडलं नाही, पण कोपर चांगलंच सोलपटलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार उतरलाय, गोळीत काही गडबड झाली का?

मी लगेच सूनबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "मम्मी, डबा तुम्ही भरता, मी फक्त त्या खणातलं देते." मला ते उलट उत्तर वाटलं. त्याच्या आधीच्या आठवड्यातही सासूबाईंना एकदा गरगरलं होतं, तेव्हाही मी तिलाच बोलले होते. या वेळी मी जास्तच बोलले. म्हटलं, "तुला जमत नसेल तर सावेडीतला फ्लॅट रिकामाच आहे." ती काही बोलली नाही. मुलगा जेवताना खाली मान घालून जेवला आणि उठून गेला. हे म्हणाले, "जरा सबुरीने घे." मी त्यांनाही गप्प केलं.

बुधवारी संध्याकाळी मी प्रतिक्रमणाहून घरी आले, तर मुलगा बूट घालत होता. तो आपल्या शहरातल्या एका रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात आहे. म्हणाला, "स्टोरेजचा एक कंट्रोलर आजारी पडलाय." त्या रात्री तो उशिरा परतला. गुरुवारी रात्री पुन्हा गेला तो शुक्रवारी पहाटे साडेचारला आला. मी सामायिकाला बसलेच होते. माझी अठ्ठेचाळीस मिनिटं होईपर्यंत तो सोफ्यावर शांत बसून राहिला. झोपायला गेला नाही, म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे हे मी ओळखलं. सामायिक पारलं आणि म्हटलं, "सांग काय झालं. आणि मला कळणार नाही असं म्हणू नकोस, मी १९८२ची बी.कॉम. आहे."

मग त्याने सांगितलं, आणि मी ते माझ्या भाषेत लावून घेतलं.

रुग्णालयातले एक्स-रे, सीटी स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, बिलं हे सगळं प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये नसतं. ते एका थंड खोलीतल्या लोखंडी कपाटात, म्हणजे रॅकमध्ये ठेवलेल्या एका मोठ्या पेटीत असतं. तिला स्टोरेज म्हणतात. तिच्या पुढच्या बाजूने चोवीस हार्ड डिस्क ओळीने बसवलेल्या. मजकूर त्या डिस्कवर असतो, आणि तोही असा विभागून लिहिलेला की एखादी डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून हिशेब लावून तिच्यातला मजकूर परत मिळवता येतो. पण डिस्क स्वतः काही ठरवत नाही. कुठला मजकूर कुठे लिहायचा, मागितला की कुठून काढून द्यायचा, हे ठरवतो तो कंट्रोलर. तो पेटीच्या मागच्या बाजूला, ड्रॉवरसारखा आत सरकवलेला असतो. मोठ्या पेट्यांत असे दोन कंट्रोलर असतात.

मला लगेच माझं माहेर आठवलं. श्रीरामपूरला वडिलांची आडत होती आणि दुकानात दोन मुनीम होते. माल गोदामात, पण कुठलं पोतं कोणाचं आणि कुठे, हे मुनिमांना ठाऊक. हंगामात गाड्यांची रांग लागली की मुनीम आधी कच्च्या वहीत भराभर टिपून घ्यायचे आणि शेतकऱ्याला मोकळं करायचे. पक्क्या खतावणीत ते रात्री चढायचं. आणि वडिलांचा एक नियम होता: एका मुनिमाने कच्च्या वहीत टिपलं की दुसऱ्यानेही ते आपल्या कच्च्या वहीत लगेच टिपायचं. एखाद्याला ताप आला, एखाद्याची वही पावसात भिजली, तरी शेतकऱ्याचं पोतं बुडता कामा नये.

मुलगा म्हणाला, "मम्मी, अगदी हेच." कंट्रोलरमध्ये एक वेगवान स्मृती असते, कॅश म्हणतात तिला, ती म्हणजे कच्ची वही. मजकूर आला की कंट्रोलर तो कच्च्या वहीत घेतो, जोडीदाराच्या कच्च्या वहीतही उतरवतो, मगच "लिहिलं" असं सांगतो. डिस्कवर सवडीने चढवतो. वीज अचानक गेली तर कच्ची वही पुसली जाऊ नये म्हणून तिला स्वतःची बॅटरीही असते. एक कंट्रोलर बंद पडला तर दुसरा त्याचं सगळं काम आपल्याकडे घेतो. वॉर्डात बसलेल्या नर्सबाईंना कळतही नाही.

"मग इतकं धावायचं कारण काय? दुसरा आहे ना?" मी विचारलं.

म्हणाला, कारण आता तो एकटा आहे. एकट्या मुनिमाला आपल्या कच्च्या वहीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण तिची दुसरी नक्कल कोणाकडेच नाही. म्हणून तो प्रत्येक नोंद थेट पक्क्या खतावणीत लिहायला लागतो, आणि काम मंदावतं. बुधवारी दुपारपासून ओपीडीतून हेच फोन येत होते: स्कॅन उघडायला फार वेळ लागतोय, बिल निघत नाही. पण मंदावणं ही खरी काळजी नव्हती. त्या रात्री उरलेला एक गेला असता तर सगळंच थांबलं असतं. आयसीयूतल्या माणसाचा सकाळचा रिपोर्ट डॉक्टरांना बघता आला नसता.

कंपनीचा इंजिनिअर नवा कंट्रोलर घेऊन गुरुवारी पुण्याहून निघाला. वाघोली आणि शिक्रापूरची गर्दी तुम्हाला माहीत आहे. दुपारी निघालेला माणूस नगरला संध्याकाळी पोचला. ओपीडी बंद होऊन वर्दळ कमी झाल्यावर रात्री अकराला काम सुरू केलं. चालू पेटीतच कंट्रोलर बदलता येतो, वीज बंद करावी लागत नाही. पण म्हणूनच फार सावध राहावं लागतं.

सगळ्यात आधी त्याने बॅकअप बघितला. दोन कंट्रोलर आहेत म्हणून बॅकअप नको असं समजू नका, असं तो मला बजावून म्हणाला. कोणी चुकून एखादी फाईल पुसली तर दोन्ही मुनीम आज्ञाधारकपणे ती पुसतात. बॅकअप म्हणजे दुसऱ्या गावी ठेवलेली वहीची नक्कल, ती वेगळीच लागते.

मग त्याने रस्ते बघितले. प्रत्येक सर्व्हरपासून दोन्ही कंट्रोलरकडे वेगवेगळ्या तारा जातात. कागदावर सगळं ठीक होतं. पण एकेक सर्व्हर उघडून बघितला तेव्हा बिलांच्या सर्व्हरची एक तार कित्येक महिन्यांपासून बंद असल्याचं दिसलं. तो एकाच रस्त्यावर चालला होता आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण काम अडत नव्हतं. त्याचा चालू रस्ता नेमका शाबूत कंट्रोलरकडे जात होता म्हणून बिलं निघत होती. उलटं असतं तर बुधवारीच बंद पडली असती.

आता खरी गोष्ट. इंजिनिअर रॅकच्या मागे गेला. दोन कंट्रोलर, एक वर, एक खाली. त्यांना ए आणि बी म्हणतात. कॉम्प्युटरवर लिहून आलं होतं की बी बिघडलाय. पेटीच्या मागे कोणीतरी पूर्वी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, वरच्यावर ए, खालच्यावर बी. खालच्यावर पिवळा दिवा लागला होता. इंजिनिअरने मनगटाला तो जमिनीला जोडलेला पट्टा बांधला. थंडीत सिंथेटिक साडी काढताना अंगावर चटचट ठिणग्या उडतात ना, तेवढ्या विजेनेही असली नाजूक पाटी जळू शकते, म्हणून तो पट्टा. मग त्याने खालच्या कंट्रोलरची खिट्टी धरली.

मुलगा म्हणाला, "थांबा. पिवळा दिवा वरच्यावरही आहे."

खरंच होता. पेटीत काही बिनसलं की त्या पेटीत दोघांवरही पिवळा दिवा लागतो. एकावर स्वतः बिघडल्याचा, आणि दुसऱ्यावर जोडीदार राहिला नाही या तक्रारीचा. नुसता दिवा बघून आजारी कोण आणि ओझं वाहणारा कोण हे कळत नाही.

यावर उपाय सोपा असतो, पण तो करायला दोन मिनिटं थांबावं लागतं. कॉम्प्युटरवरून हुकूम देऊन हव्या त्या भागाचा निळा दिवा लावता येतो, ओळख पटावी म्हणून. मुलाने बिघडलेल्याचा दिवा लावला नाही, कारण तो नीट ऐकेल याची खात्री नव्हती. जो शाबूत आहे, त्या एचा दिवा लावला. निळा दिवा लागला तो खाली, बीच्या चिठ्ठीशेजारी.

चिठ्ठ्या उलट्या लावलेल्या होत्या. कधी, कोणी, माहीत नाही. इंजिनिअरच्या हातात जी खिट्टी होती ती सगळ्या रुग्णालयाचं काम एकट्याने ओढणाऱ्या कंट्रोलरची होती. ती ओढली असती तर तिथल्या तिथे सगळं बंद. मग दोघांनी अनुक्रमांकही ताडून बघितला. मुलगा म्हणाला, "मम्मी, त्या माणसाचा हात थरथरत होता. माझाही."

असं मोठमोठ्या ठिकाणीही होतं. ५ जुलै २०१० रोजी सिंगापूरच्या डीबीएस बँकेत हेच घडलं होतं. तिथे कंट्रोलर नव्हे, स्टोरेजची एक तार बदलायची होती. देखभाल करणाऱ्या कंपनीच्या माणसाने जुन्या, चुकीच्या पद्धतीने ती बदलली आणि पहाटे तीनपासून सुमारे ७ तास बँकेचं कामकाज ठप्प झालं, एटीएमसकट. मूळ बिघाड लहान होता आणि बँक तो असतानाही चालूच होती. बंद पडली ती दुरुस्तीने.

आणि आपल्या मुंबईतलं तर तुमच्यातल्या शेअरवाल्या मैत्रिणींना आठवत असेलच. २४ फेब्रुवारी २०२१, नॅशनल स्टॉक एक्स्चेंज सकाळी ११.४० ला थांबलं. आमचे हे फोन हातात घेऊन घरभर फिरत होते. बाजार पुन्हा उघडला दुपारी ३.४५ ला आणि त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालला. नंतर एक्स्चेंजने जे सांगितलं ते असं की दोन ठिकाणची स्टोरेज जोडणाऱ्या, दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या तारा एकाच वेळी डळमळल्या, आणि त्यामुळे मुख्य ठिकाणची स्टोरेजही सर्व्हरना मिळेनाशी झाली. म्हणजे दुसरा रस्ता ठेवला होता, पण ऐन वेळी तोही लंगडला. दुसरा आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, तो चालतोय का हे मधूनमधून बघावं लागतं.

तर पुढे. बिघडलेल्या कंट्रोलरच्या प्रत्येक तारेला त्यांनी कागदाची खूण बांधली, कुठली कुठे होती त्याचा फोटो काढला, मग तारा काढल्या. खिट्टी उघडून जुना कंट्रोलर बाहेर ओढला आणि नवा लगेच आत सरकवला. मधे चहा प्यायला जायचं नाही. ती जागा उघडी राहिली तर पंख्यांची हवा तिथूनच पळून जाते आणि बाकीची पेटी तापते.

नवा बसवला म्हणजे झालं असं नाही. त्याच्यातलं फर्मवेअर, म्हणजे त्याला शिकवून पाठवलेलं काम, जरा जुन्या आवृत्तीचं होतं. चालू असलेल्या कंट्रोलरने आपलं काम न थांबवता स्वतःची आवृत्ती नव्याला दिली. नवा दोनदा बंद होऊन चालू झाला. मग दोघांच्या कच्च्या वह्या जुळल्या. याला पाऊण तास गेला. इंजिनिअरला पुण्याला परतायची घाई होती, पण मुलाने पडद्यावर "दोन्ही ठीक" असं येईपर्यंत त्याला जाऊ दिलं नाही. त्यानंतर निम्मं काम नव्याकडे सोपवलं, एकेक भाग, मधे थांबून. बिलांच्या सर्व्हरची बंद तार बदलली. शेवटी जुन्या चिठ्ठ्या खरवडून काढून नव्या लावल्या. बिघडलेला कंट्रोलर खोक्यात घालून कंपनीकडे परत गेला. तोही दुरुस्त होतो म्हणे, कुणी फेकून देत नाही.

एवढं सांगून मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मम्मी, चिठ्ठी बघून ओढलं असतं ना, तर लोक म्हणाले असते मशीन खराब होतं." आणि झोपायला गेला.

तो मला टोमणा मारत होता असं मला वाटत नाही. तो फार दमला होता. पण मी तिथेच बसून राहिले. सोमवारपासून माझ्या हातातही एक खिट्टी होती.

उजाडल्यावर मी गोळ्यांचा डबा घेतला आणि खिडकीपाशी, उजेडात, चष्मा पुसून बसले. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी वर्षापूर्वी ऑपरेशन सांगितलंय, मी चातुर्मास झाल्यावर, लग्नसराई झाल्यावर करत पुढे ढकललं. गोळ्यांची पाकिटं शेजारी ठेवून एकेक गोळी ताडून बघितली. एका सकाळच्या खणात थायरॉईडच्या जागी रक्तदाबाची गोळी होती. म्हणजे त्या दिवशी सासूबाईंना रक्तदाबाच्या दोन गोळ्या जाणार होत्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. एका संध्याकाळच्या खणात थायरॉईडची होती. सोमवारचे खण रिकामे झाले होते, त्यात काय होतं ते आता कळणार नव्हतं. पण कळायचं ते कळलं. डबा मीच भरला होता.

पिवळा दिवा दोघींवर होता. मी चिडचिड करत होते आणि सूनबाई गप्प गप्प राहत होती. तिचं गप्प राहणं मला तिचा दोष वाटला. खरं तर ती जोडीदारीण नीट चालत नसताना दोघींचं काम ओढत होती. "सुनेला जमत नाही" ही चिठ्ठी मीच कधीतरी, बहुधा लग्नाच्या पहिल्या वर्षी, तिच्यावर चिकटवली होती. मग त्या चिठ्ठीकडे बघून मी दर वेळी निर्णय घ्यायचे. तिने स्वच्छ सांगितलं होतं की डबा तुम्ही भरता. निळा दिवा तिने लावून दाखवला होता, मी बघितला नाही.

नवकारशीच्या वेळी ती स्वयंपाकघरात आली. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "चूक माझी होती. गोळ्या मी उलट्या भरल्या." तिने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मम्मी, मला शंका होती. पण सांगायची भीती वाटली." या वाक्याने मला सासूबाईंच्या कोपरापेक्षा जास्त लागलं. तिला शंका होती, म्हणजे सोमवारची चक्कर टळू शकली असती. माझ्या आवाजामुळे ती बोलली नाही. दोन मुनिमांपैकी एकाने दुसऱ्याच्या वहीत बोट ठेवायला घाबरायचं, तर दोन ठेवून फायदा काय?

त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांना फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. डबा दोघींनी मिळून पुन्हा भरला. आता ती भरते आणि मी ताडून बघते. गोळ्यांच्या पाकिटांवर तिने मोठ्या अक्षरात सूर्य आणि चंद्र काढलेत.

मग मी एक दोनशे पानी वही आणली. बी.कॉम.ची सवय, कागदावर आल्याशिवाय खरं वाटत नाही. त्यात घरातलं जे जे फक्त माझ्या डोक्यात होतं ते लिहायला घेतलं. कुठली विम्याची पावती कुठे, लॉकरची किल्ली कुठे, गॅसचा नंबर, महिला मंडळाचा शिलकीचा हिशेब, सासूबाईंचा पथ्याचा स्वयंपाक, दुधाच्या खाड्यांची पद्धत, वर्षीतपवाल्या नणंदेच्या पारण्याची तयारी, कोणाकडे लग्नात काय आहेर झाला होता. लिहिता लिहिता एकतीस पानं भरली. एकतीस पानं! आणि मी म्हणत होते की सुनेला काही माहीत नाही. तिला सांगितलं कोणी होतं? बिलांच्या सर्व्हरच्या त्या तारेसारखं झालं होतं. कागदावर घरात दोन बायका, प्रत्यक्षात दुसरी तार कधी जोडलीच नव्हती.

हे आपल्याला नवीन नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं. आपली आगमं शेकडो वर्षं साधूंच्या मुखोद्गत होती. दुष्काळ पडले, श्रुतधर गेले, त्यांच्याबरोबर ज्ञानही जायला लागलं. म्हणून वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वल्लभीला सगळं लिहून काढलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. लोंकाशाहांचीही गोष्ट आपण पाठशाळेत ऐकली. ते लेखनिक होते, आणि शास्त्राची एक प्रत देण्यासाठी तर एक स्वतःजवळ, अशा दोन प्रती करत, असं सांगतात. एकाच जागी, एकाच डोक्यात ठेवलेलं टिकत नाही, हे आपल्या लोकांना इतकं आधी कळलं होतं. ज्ञानपंचमीला आपण पुस्तकांची पूजा करतो. या वर्षी मी त्या दिवशी ती दोनशे पानी वहीही बाहेर काढली, आणि सूनबाईने तिची नक्कल करून मुलीकडे औरंगाबादला पाठवली. तो आमचा दुसऱ्या गावचा बॅकअप.

संवत्सरीला आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. आता तर मोबाईलवर चित्र पाठवलं की झालं, मीही दरवर्षी दीडशे जणींना पाठवते. या वर्षी प्रतिक्रमण झाल्यावर स्थानकातून घरी आले आणि आधी सूनबाईपुढे हात जोडले. ती एकदम मागे सरकली, "मम्मी, असं नका करू," म्हणाली. मी म्हटलं, "सावेडीच्या फ्लॅटचं बोलले त्याबद्दल." मग ती रडली, मीही रडले, आणि सासूबाई आतून ओरडल्या, "काय झालं गं दोघींना?"

दिवाळीनंतर मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. आठ दिवस वाकायचं नाही, चुलीसमोर जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. घर एकट्या सूनबाईने चालवलं. माझ्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषधाचे थेंबही तिनेच घातले. थोडं मंदावलं. एक दिवस पोळ्या उशिरा झाल्या, एक दिवस दूध उतू गेलं. थांबलं मात्र काहीच नाही. ते आठ दिवस मी पलंगावरून हुकूम न सोडता काढले, हे ऑपरेशनपेक्षा अवघड होतं.

बरी झाल्यावर पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने सगळंच हातात घ्यायला लागले. मग मुलाचं आठवलं. नवा कंट्रोलर बसल्यावर त्याने त्याला एकदम सगळं दिलं नव्हतं, आणि जो एकटा ओढत होता त्याच्याकडचं सगळं काढूनही घेतलं नव्हतं. निम्मं निम्मं केलं होतं. मीही तसंच केलं. सासूबाईंची औषधं, दूध आणि बँक तिच्याकडेच राहू दिलं. स्वयंपाक आणि मंडळाचा हिशेब माझ्याकडे घेतला. लोणच्याचं अजून ठरायचंय. त्यात ती मोहरी जास्त घालते.

तुमच्याकडे असं काही चाललं असेल तर माझ्यासारखं करू नका. घरात काही बिघडलं की पहिला पिवळा दिवा दिसेल त्याच्यावर हात टाकू नका. दोन मिनिटं थांबा, उजेडात जा, आपलीच वही आधी ताडून बघा. आणि दुसरीला घाबरवून ठेवलं असेल तर आजच तिला सांगा, "माझं चुकलं तर तू बोल." ते सांगितल्याशिवाय दुसरी तार जोडली जात नाही.

तुमच्या घरची वही कोणी लिहून ठेवली असेल तर कळवा, मला माझ्यात भर घालायची आहे. पुढच्या वेळी मात्र नक्की लोणच्यावर.

जय जिनेंद्र.